‘शॉक’ मुद्राक्षर : स्वरूप आणि उपयोग

हस्ताक्षराचे रूप धारण करणारी मुद्राक्षरे मुद्रणाच्या इतिहासात नवी नव्हेत. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतरच्या फ्रान्समध्ये त्यांना जे ठळक व आक्रमक वळण लाभले, त्याचा विचार स्वतंत्रपणे करणे अगत्याचे आहे. या वळणाचे बोलके उदाहरण म्हणजे मार्सेय येथील ‘फाँदरी ऑलिव्ह’ या टाइप फाउंड्रीने १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘शॉक’ हे मुद्राक्षर होय. ‘शॉक’ म्हणजे आघात. त्याचा कर्ता रॉजे एक्सकोफाँ (१९१०–१९८३).

‘शॉक’चे मूळ एक्सकोफाँच्याच ‘मिस्त्राल’ (१९५३) या मुद्राक्षरात आहे. त्यात धावत्या हस्ताक्षराप्रमाणे अक्षरे परस्परांस जोडलेली दिसतात. धातूचा प्रत्येक खिळा सुटा असतो. तेव्हा कोणतेही अक्षर कोणत्याही अक्षराशेजारी आले तरी जोड तुटू नये, ही येथील मुख्य अडचण. देवनागरीत शिरोरेषेमुळे जोडाची जागा आपोआप ठरते. रोमन हस्ताक्षरात तशी ठरलेली रेषा नसल्याने ती आखणीने निर्माण करावी लागली. म्हणजे वरकरणी स्वैर दिसणारे हे लेखन वस्तुतः काटेकोर मोजमापावर उभे होते.

‘मिस्त्राल’ला ठळक रूप देण्याच्या प्रयत्नातून ‘शॉक’ जन्मास आले. रेषा जाड होताच जोड बोजड होतात आणि अक्षरांतील मोकळी जागा बुजू लागते. ‘शॉक’मध्ये जोडाचा आग्रह राहिला नाही, अक्षरे सुटी झाली आणि लेखणीची जागा कुंचल्याने घेतली. भरदार फटकारे व तुटक वळणे ही त्याची लक्षणे होत. ठळकपणा हा येथे केवळ जाडीचा प्रश्न राहिला नाही, त्याने अक्षराची जातच बदलली.

असे अक्षर सलग मजकुरास निरुपयोगी असते. त्याचे क्षेत्र भित्तिपत्रके, वेष्टने व दुकानांच्या पाट्या हे होय, जेथे दोनचार शब्दांनी वाटसरूची नजर खेचावयाची असते. मॅक्सिमिलियाँ व्हॉक्स यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात हस्ताक्षरसदृश मुद्राक्षरांस स्वतंत्र वर्ग मिळाला, यावरून या प्रकाराची तत्कालीन प्रतिष्ठा ध्यानात येते. पॅरिसच्या ‘देबेर्नी ए पेन्यो’सारख्या मातबर संस्थेशी स्पर्धा करणाऱ्या प्रांतीय फाउंड्रीस जाहिरातीचे अक्षर सोयीचेही होते. ग्रंथाच्या मुद्राक्षरास लागणारा ठळक व तिरप्या रूपांचा मोठा परिवार त्यास लागत नाही.

पुढे धातूच्या खिळ्यांचे युग संपले. ‘ऑलिव्ह’ फाउंड्री १९७८ मध्ये स्विस ‘हास’ संस्थेकडे गेली. एक्सकोफाँची अक्षरे मात्र संगणकीय रूपात टिकून आहेत. १९५५ मध्ये जे नवतेचे चिन्ह होते, ते आता गतकाळाची आठवण देण्यासाठी योजिले जाते. रूप तेच, अर्थ उलटा.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. कुंचल्याचा फटकारा पाहून त्यात व्यक्तीचा हात शोधण्याचा मोह होतो. परंतु हाताने लिहिलेली दोन अक्षरे कधीही तंतोतंत सारखी नसतात, तर एकाच साच्यातील प्रत्येक खिळा दुसऱ्याची प्रतिकृती असतो. म्हणून ‘शॉक’ हा हस्ताक्षराचा पुरावा नव्हे. उत्स्फूर्ततेचाही साचा ओतून तिचा व्यापार करू शकणाऱ्या उद्योगाचा तो पुरावा आहे.