कोरिलेटेड सबक्वेरी: आतली क्वेरी बाहेरचा कॉलम कसा वाचते?

अँड्रॉइड असो वा आयफोन, तुमच्या फोनमध्ये एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस असतोच. रिचर्ड हिप यांनी तो २००० साली तयार केला. अनेक अ‍ॅप्स आपली माहिती त्यातच साठवतात.

समजा, एका चॅट अ‍ॅपमध्ये 'संदेश' हे टेबल आहे. त्यात 'चॅट' आणि 'वेळ' हे कॉलम आहेत. प्रत्येक चॅटमधला शेवटचा मेसेज हवा असेल, तर मी असं लिहितो (कीवर्ड इथे देवनागरीत दिलेत, टाइप मात्र इंग्रजीतच करायचे):

सिलेक्ट * फ्रॉम संदेश बा
व्हेअर बा.वेळ =
(सिलेक्ट मॅक्स(आ.वेळ) फ्रॉम संदेश आ
व्हेअर आ.चॅट = बा.चॅट)

'बा' म्हणजे बाहेरचं टेबल, 'आ' म्हणजे आतलं. टेबल एकच, पण दोनदा वापरलंय, म्हणून ही टोपणनावं. बाहेरच्या प्रत्येक ओळीचा चॅट आत जातो आणि फक्त त्या चॅटची सगळ्यांत उशिराची वेळ मिळते. उलट मात्र चालत नाही. बाहेरच्या क्वेरीला 'आ' दिसत नाही.

नाव शोधायचा नियम सोपा आहे: आधी आतल्या टेबलात बघायचं, तिथे नसेल तर बाहेरच्या. टोपणनावं गाळून नुसतं 'चॅट = चॅट' लिहिलं, तर दोन्ही नावं आतलीच धरली जातात. मग प्रत्येक चॅटऐवजी अख्ख्या टेबलातली शेवटची वेळ मिळते.

याहून मोठा धोका डिलीटमध्ये आहे:

डिलीट फ्रॉम संदेश व्हेअर चॅट इन
(सिलेक्ट चॅट फ्रॉम जुने)

समजा, 'जुने' टेबलात कॉलमचं नाव 'चॅट' नसून 'आयडी' आहे. एरर येईल असं वाटतं ना? येत नाही! आत 'चॅट' सापडला नाही, म्हणून डेटाबेस बाहेरचा, म्हणजे 'संदेश'मधला, 'चॅट' उचलतो. 'जुने'मध्ये एक जरी ओळ असली तरी अट खरी ठरते आणि चॅट नोंदवलेले सगळे मेसेज उडतात. हा एसक्यूलाइटचा बग नाही. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसही असंच वागतात.

म्हणून सबक्वेरीत मी प्रत्येक कॉलमपुढे टेबलाचं नाव लावतोच. 'जुने.चॅट' लिहिलं असतं तर असा कॉलमच नाही म्हणून क्वेरी तिथेच थांबली असती. शिवाय डिलीट चालवण्याआधी तीच अट 'सिलेक्ट काउंट(*)'ला लावून बघा. दहा ओळी जायला हव्यात आणि आकडा दहा हजार दिसला, तर अजून काहीच उडालेलं नसतं.