ब्रिलियानाबाईंची गढी

आज आम्ही इंग्लंडमधल्या एका छोट्या किल्ल्याची गोष्ट सांगणार आहोत. आपल्याकडे त्याला गढीच म्हटलं असतं. नाव ब्रॅम्प्टन ब्रायन. वेल्सच्या सीमेजवळ, हेरफर्डशर जिल्ह्यात ती आहे.

सुमारे ७०० वर्षांपूर्वी ब्रॅम्प्टन घराण्याची लेक मार्गारेट हिचं लग्न रॉबर्ट डी हार्ली यांच्याशी झालं. तिच्या वारशाने गढी हार्लींकडे आली. म्हणजे मिळकत लेकीची, पण पुढे नाव चाललं सासरचं!

१६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं. गढीचे मालक सर रॉबर्ट हार्ली पार्लमेंटचे सभासद, ते लंडनला. घरी पत्नी ब्रिलियाना आणि धाकटी मुलं. आजूबाजूचे बहुतेक जमीनदार राजाच्या बाजूचे. कुळांनी खंड देणं थांबवलं. पैसा येईना, धान्य पुरवून वापरायचं आणि दारात शत्रू.

जुलै १६४३ मध्ये राजाच्या सैन्याने वेढा घातला. बाहेर सुमारे ७०० सैनिक, आत बायका-मुलं धरून शंभरेक माणसं. गढी सोडा, असा निरोप आला. बाईंनी काय उत्तर दिलं? घर नवऱ्याचं आहे, त्यांनी ते माझ्यावर सोपवलंय, त्यांच्या हुकुमाशिवाय मी ते देणार कशी? लग्न झालेल्या बाईच्या मिळकतीवर ताबा नवऱ्याचा, हाच त्या काळचा कायदा. बाईंनी त्याचीच ढाल केली! बोलणी लांबवत त्यांनी दिवस काढले. तोफांनी छप्पर फुटलं, गावातलं चर्च पडलं, पण गढी पडली नाही. सुमारे सात आठवड्यांनी सैन्य निघून गेलं.

पण बाईंची तब्येत खालावली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या वारल्या. १६४४ मध्ये दुसऱ्या वेढ्यात गढी पडली आणि उद्ध्वस्त झाली. आज तिथे प्रवेशद्वार आणि थोड्या पडक्या भिंती उरल्या आहेत.

मग एवढं सगळं आपल्याला कळलं कसं? बाईंनी मुलाला, एडवर्डला, शेकड्याने पत्रं लिहिली होती. ती जपली गेली आणि १८५४ मध्ये छापली गेली. भिंती पडल्या, कागद टिकला.

म्हणून मैत्रिणींनो, दोन गोष्टी करूया. घराच्या उताऱ्यावर आपलं नाव आहे का, ते या आठवड्यात पाहूया. आणि गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत नुसती सही न करता, कोण काय बोललं तेही लिहूया.