पेडणे-डिचोलीतील गणपतीची शाळा

गोव्यात मूर्तिकार जिथे गणपती घडवतो त्या जागेला 'गणपतीची शाळा' म्हणतात. तळकोकणातही हाच शब्द आहे. आम्हाला तो फार नेमका वाटतो, कारण तिथे मास्तर बहुधा वडीलच असतात.

तिसवाडी, बार्देश, सासष्टी सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांकडे गेली. देवळे पाडली गेली, १५६० मध्ये इन्क्विझिशन आले, हिंदू सणांवर बंदी आली. मातीची मूर्ती लपवणार कुठे? काही घराण्यांत कागदावरच्या गणपतीची पूजा सुरू झाली, ती आजही चालते. डिचोली आणि पेडणे मात्र सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते. डिचोली १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांच्या हाती आले. तोवर धर्मछळाचा जोर ओसरला होता. या नव्या काबिजादींतल्या रयतेला आपला धर्म पाळता आला, आणि मातीत घातलेला हातही सुटला नाही.

पावसाच्या तोंडाशी यजमान घरचा पाट शाळेत नेऊन देतात. माती मळणे, खडे वेचणे ही पोरांची कामे. मग उंदीर, मोदक, कधी कान. डोळ्यांची आखणी वडिलांची. ती मुलाला केव्हा मिळावी याला वयाचा नियम नाही. वडील कुंचला पुढे करतील तेव्हा. शहरात नोकरी करणारे मुलगेही या दिवसांत रजा काढून गावी येतात, ते उगाच नव्हे.

ज्यांच्या घरी शाळा नाही त्यांच्या घरी माटोळी असते. मूर्तीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला बाप स्टुलावर उभा राहून बांधतो आणि मूल खालून एकेक वस्तू देते: सुपारीचे शिपटे, तोरिंजन, कवंडळ, कांगल्या, घागऱ्या. देता देता नावे पाठ होतात. कला व संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेसाठी तर काही कुटुंबे फळाबियांतून अख्खे देखावे उभे करतात. बक्षिसापेक्षा आम्हाला त्यासाठीची रानातली भटकंती मोलाची वाटते.

ते रान मात्र आक्रसते आहे. डिचोलीच्या टेकड्या खाणींनी खोदल्या. पेडण्यात मोपाच्या पठारावर २०२३ पासून विमाने उतरतात. चवथीच्या आदल्या दिवसांत माटोळीचा बाजार भरतो. तिथे आता मुलाचे बोट धरून आलेला बापच विकणाऱ्या बाईला विचारतो, "मावशी, हे फळ कसलं?"