अणूचं चित्र कुणी कुणी काढलं?



अणू म्हटलं की आपल्याला तीन गोष्टी आठवतात. जपानवर पडलेले बॉम्ब, तारापूरची वीज आणि कॅन्सरच्या दवाखान्यात देतात तो शेक. चौथी गोष्ट बऱ्याच जणींच्या घरातच असते. आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘अणूचे अंतरंग’ नावाचा धडा आहे. त्यात गोल गोल आकृत्या आहेत आणि थॉमसन, रदरफोर्ड, बोर अशी नावं आहेत. मुलं ती पाठ करतात. पण एक आकृती मोडून दुसरी का काढावी लागली, आणि त्या कामात कोणत्या बायका होत्या, हे पाठांतरात राहून जातं. आज आम्ही तेच सांगणार आहोत.

अणू इतका लहान, की केसाच्या जाडीत काही लाख अणू ओळीने बसतील. तो डोळ्यांनी बघायची सोय तेव्हा कुणाकडेच नव्हती. मग चित्र काढलं कसं? आपण नारळ न फोडता कानाशी हलवून पाणी आहे की नाही ते ओळखतो ना, तसंच. बाहेरून काहीतरी करून बघायचं आणि आतून काय उत्तर येतं ते ऐकायचं.

पदार्थाचे तुकडे करत गेलं तर शेवटी न तुटणारा कण उरेल, असा विचार आपल्याकडे कणादांनी मांडला आणि त्या कणाला परमाणू म्हटलं. ग्रीसमध्ये डेमोक्रिटसनेही सुमारे २४०० वर्षांपूर्वी असंच म्हटलं होतं. विचार मोठा होता, पण त्यात तराजू नव्हता.

तराजू आणला जॉन डाल्टन यांनी. इंग्लंडमधल्या एका विणकराचा हा मुलगा, बाराव्या वर्षापासून शाळेत शिकवणारा. १८०३च्या सुमारास त्यांनी मांडलं की एका मूलद्रव्याचे सगळे अणू सारखे, त्यांचं वजन ठरलेलं, आणि ते ठरलेल्या प्रमाणातच दुसऱ्या अणूंशी जोडले जातात. त्यांचा अणू म्हणजे भरीव गोटी. समजावून सांगायला ते लाकडी गोळे वापरत. पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असतो असं त्यांनी धरलं होतं. ते चुकलं, हायड्रोजन दोन असतात. पण वजनमापाने अणूबद्दल बोलायची रीत त्यांनी पाडली.

ही गोटी नव्वदएक वर्षं टिकली. १८९७ मध्ये केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांनी हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत वीज सोडली आणि तिच्यात निघणारे किरण चुंबकाने वळवून बघितले. ते किरण म्हणजे बारीक कण निघाले, सगळ्यांत हलक्या अणूपेक्षा हजार पटींहून हलके. हेच इलेक्ट्रॉन. म्हणजे अणूही फोडता येत होता! इलेक्ट्रॉनवर ऋणप्रभार असतो, पण अख्खा अणू तर तटस्थ. मग उरलेल्या भागावर धनप्रभार असणार. रव्याच्या लाडवात बेदाणे रुतलेले असावेत, तसं चित्र थॉमसन यांनी १९०४ मध्ये मांडलं. लाडू म्हणजे धनप्रभार आणि बेदाणे म्हणजे इलेक्ट्रॉन.

त्याच काळात पॅरिसमध्ये मेरी क्युरी सांगत होत्या की युरेनियममधून निघणारे किरण अणूच्या आतूनच येतात. त्या किरणांचा अभ्यास कॅनडात मॉन्ट्रियलला अर्नेस्ट रदरफोर्ड करत होते. तिथली त्यांची पहिली पदव्युत्तर विद्यार्थिनी म्हणजे हॅरिएट ब्रुक्स. रेडियममधून जे काही बाहेर पडतं त्यात एक जड वायू आहे, हे ठरवण्यात ब्रुक्सबाईंचा मोठा वाटा होता. अणूतून कण सुटला की उरलेला अणू बंदुकीसारखा मागे हटतो, हेही त्यांच्याच प्रयोगात १९०४ मध्ये दिसलं.

१९०६ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात शिकवत होत्या. मुलींचंच कॉलेज. त्यांचं लग्न ठरलं, तेव्हा कॉलेजच्या प्रमुखांनी (त्याही बाईच!) सांगितलं की लग्न केलंत तर नोकरी सोडावी लागेल. ब्रुक्सबाईंनी पत्र लिहून ठणकावलं, की बाईला आपला पेशा चालवायचा हक्क आहे, केवळ लग्न केलं म्हणून तो सोडायला लावू नये, आणि हे दाखवून देणं त्या आपलं कर्तव्य समजतात. कॉलेज हललं नाही. त्यांनी नोकरी सोडली. ते ठरलेलं लग्नही मोडलं. मग काही काळ त्यांनी क्युरी यांच्या प्रयोगशाळेत काम केलं. १९०७ मध्ये दुसऱ्या माणसाशी लग्न झालं आणि संशोधन कायमचं थांबलं. वय ३१. आमच्या गटात ही गोष्ट सांगितली तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. लग्न ठरलं म्हणून शाळेचं दप्तर माळ्यावर गेलेल्या आमच्यात कितीतरी जणी आहेत.

रदरफोर्ड पुढे मँचेस्टरला आले. तिथे १९०९ मध्ये हान्स गायगर आणि २० वर्षांचा विद्यार्थी मार्सडेन यांना त्यांनी एक कंटाळवाणं काम दिलं. अंधाऱ्या खोलीत बसायचं, डोळे अंधाराला सरावू द्यायचे, मग धातूच्या पातळ पत्र्यावर रेडियमपासून मिळणारे जड कण सोडायचे आणि पडद्यावर चमकणारा एकेक ठिपका सूक्ष्मदर्शकातून मोजायचा. मिठाईवर लावतात तसा वर्ख, पण सोन्याचा, त्यांनी वापरला. लाडवाचं चित्र खरं असतं तर सगळे कण जवळजवळ सरळ आरपार जायला हवे होते. बहुतेक गेलेच. पण सुमारे ८००० कणांत एखादा कण चक्क उलटा फिरून आला.

पातळ कागदावर तोफगोळा मारावा आणि तो उलटून अंगावर यावा, तसं वाटलं, असं रदरफोर्ड पुढे सांगत. दोन वर्षं त्यांनी हिशेब केला आणि १९११ मध्ये नवं चित्र दिलं. अणूचं जवळजवळ सगळं वजन मधोमध एका इवल्याशा केंद्रकात असतं आणि बाकी सगळी जागा मोकळी, तिच्यात इलेक्ट्रॉन. किती मोकळी? अणू एक किलोमीटर रुंदीचं शिवार धरला, तर केंद्रक मधोमध ठेवलेल्या बोराएवढं, फार तर लिंबाएवढं. आपला पाटा-वरवंटासुद्धा असाच, बहुतेक पोकळ. आम्हाला हे ऐकून अजूनही खरं वाटत नाही.

या चित्रातही खोट होती. केंद्रकाभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावून क्षणात आत कोसळायला हवा. तो कोसळत का नाही? डेन्मार्कच्या २७ वर्षांच्या नील्स बोर यांनी १९१३ मध्ये म्हटलं, की इलेक्ट्रॉनला ठरलेल्या कक्षाच मोकळ्या आहेत. जिन्याच्या पायरीवर उभं राहता येतं, दोन पायऱ्यांच्या मध्ये नाही, तसं. हायड्रोजनच्या प्रकाशात ठरावीकच रंग का दिसतात, हे त्यातून जुळलं. पण मोठ्या अणूंना ते लागू पडेना. १९२५-२६ मध्ये हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर यांनी कक्षाच पुसून टाकल्या. इलेक्ट्रॉन धुक्यासारखा धरायचा. जिथे धुकं दाट, तिथे तो सापडण्याची शक्यता जास्त. त्यामुळे पोस्टरवर दिसतात ती ग्रहांसारखी फिरणारी इलेक्ट्रॉनची चित्रं शिकायला सोयीची असली, तरी शंभर वर्षांपूर्वीच मागे पडलेली आहेत.

१९३२ मध्ये चॅडविक यांनी केंद्रकात प्रोटॉनच्या जोडीला न्यूट्रॉन शोधला आणि सगळ्यांचं लक्ष केंद्रकाकडे वळलं. इथे लीझ माइटनर येतात. व्हिएन्नाच्या. त्यांच्या लहानपणी मुलींची शाळा चौदाव्या वर्षी संपायची. १९०७ मध्ये त्या बर्लिनला गेल्या, तर तिथल्या रसायन संस्थेत बायकांना प्रवेश नव्हता. तळघरातली जुनी सुतारखोली मिळाली, येण्याजाण्याचं दार वेगळं. शौचाला जवळच्या खानावळीत जावं लागे. तिथून सुरू करून त्या ओटो हान यांच्याबरोबर ३० वर्षं काम करत राहिल्या. त्या जन्माने ज्यू, म्हणून १९३८ मध्ये हिटलरच्या राज्यातून पळून त्यांना स्वीडन गाठावं लागलं. डिसेंबरात हान यांचं पत्र आलं. युरेनियमवर न्यूट्रॉन मारला तर बेरियम सापडतंय, हे कसं? भाचा ओटो फ्रिश याच्याबरोबर बर्फात फिरताना त्यांना उलगडलं. केंद्रक पाण्याच्या थेंबासारखं समजा. धक्का बसला की ते लांबतं, मधे बारीक होतं आणि दोन तुकडे होतात. त्यात केवढी ऊर्जा सुटते त्याचा हिशेबही त्यांनी तिथेच केला. तारापूरला वीज तयार होते ती याच फुटण्यातून. १९४४चं नोबेल मात्र एकट्या हान यांना मिळालं. बॉम्बच्या कामाचं बोलावणं आलं, तेव्हा माइटनरबाईंनी नकार दिला.

केंद्रकाच्या आतली मांडणी सांगणारं चित्र १९४९ मध्ये मारिया गोपर्ट मायर यांनी दिलं. नवरा प्राध्यापक, आणि नवरा-बायको दोघांना नोकरी नाही असा नियम, म्हणून अमेरिकेतल्या विद्यापीठांत त्यांनी वर्षानुवर्षं बिनपगारी काम केलं. २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ इतके प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन असले की केंद्रक घट्ट राहतं, हे माहीत होतं. का, ते माहीत नव्हतं. आपल्या मुलीला त्यांनी ते नाचणाऱ्या जोड्यांच्या उदाहरणाने समजावलं. आपण फुगडी घेऊ. जोड्या फुगडी घालत मोठ्या गोलातही फिरतायत. गोल ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने गिरकी घेणं सोपं, उलट घेणं जड. या फरकामुळे केंद्रकात थर पडतात, आणि थर भरला की घट्टपणा येतो. जर्मनीत येन्सन यांनाही स्वतंत्रपणे हेच सापडलं.

पूर्ण पगाराची प्राध्यापकी गोपर्ट मायर यांना सॅन दिएगोला १९६० मध्ये मिळाली, पन्नाशी उलटल्यावर. १९६३ मध्ये नोबेल मिळालं. भौतिकशास्त्रात क्युरी यांच्यानंतर बाईला मिळालेलं हे दुसरंच. तेव्हा सॅन दिएगोच्या एका वर्तमानपत्राने बातमीचा मथळा दिला, त्यात त्यांचं नाव नव्हतं. सॅन दिएगोच्या एका आईला नोबेल मिळालं, एवढंच होतं.