निर्णय वर्ध्यात, ठराव नागपुरात

मोवाडच्या काठावरून वर्धा नदीपलीकडे दिसते ते अमरावती जिल्ह्याचे शिवार. मोवाड आज नरखेड तालुक्यात आहे. 1939 साली ते काटोल तहसिलीत होते, आणि पलीकडचे वऱ्हाड कागदोपत्री हैदराबादच्या निजामाचे होते. फौजेच्या खर्चापोटी 1853 च्या तहाने निजामाने ते इंग्रजांच्या हवाली केले. 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला 25 लाख रुपये देऊन ते कायमच्या पट्ट्याने घेतले आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडले. 24 ऑक्टोबर 1936 च्या करारात मात्र पुन्हा लिहून ठेवले की सार्वभौमत्व निजामाचेच. त्याच्या थोरल्या मुलाला ‘वऱ्हाडचे युवराज’ असा किताबही मिळाला. पहिल्या महायुद्धात पैसा आणि माणसे पुरवली म्हणून या निजामाला, मीर उस्मान अली खानला, 1918 सालीच ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र’ ही पदवी मिळालेली होती.

काटोलचा कास्तकार आणि नदीपलीकडचा वरुडचा कास्तकार, दोघांचेही प्रतिनिधी नागपूरच्या एकाच विधानसभेत बसत. एकाच्या शेताचा धनी इंग्रज बादशहा, दुसऱ्याच्या शेताचा धनी त्या बादशहाचा दोस्त. इंग्रजांचे युद्ध म्हणजे आपले युद्ध का, हा प्रश्न या सभागृहात आला तेव्हा दोस्तीचे करार काय असतात हे इथल्या लोकांना शिकवावे लागत नव्हते.

खरे तर त्याचा पहिला धडा नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातच गिरवून झाला होता. दुसऱ्या रघूजीने इंग्रजांच्या तैनाती फौजेला अखेरपर्यंत दाद दिली नाही. मार्च 1816 मध्ये तो वारला, आणि मे महिन्यात त्याचे पुतणे आप्पासाहेब यांनी तहावर सही केली. दीड वर्षाने, नोव्हेंबर 1817 मध्ये, सीताबर्डीच्या टेकडीवर त्याच दोस्ताशी लढाई झाली. आप्पासाहेबांना हवे होते घरच्या भांडणात कुणाचे तरी पाठबळ. त्याची किंमत राज्याने दिली. दरबारात खल झाला असेल, नसेल. रयतेला कुणी विचारले नाही एवढे नक्की.

रयतेच्या वतीने बोलणारी म्हणावी अशी पहिली संस्था नागपुरात आली ती मध्य प्रांताची विधान परिषद. योग असा की तिची पहिली बैठक ऑगस्ट 1914 मध्ये भरली, म्हणजे इंग्लंड जर्मनीविरुद्ध युद्धात उतरले त्याच महिन्यात. परिषदेत सरकारने नेमलेल्यांचा भरणा होता आणि युद्ध हा तिच्या अखत्यारीतला विषयच नव्हता. 1915 चा भारत संरक्षण कायदा दिल्लीत झाला, त्याचे शेपूट म्हणून 1919 मध्ये रौलट कायदा आला, आणि नागपूरची परिषद आपले स्थानिक प्रश्न विचारत राहिली. या काळावर रेंगाळण्यासारखे काही नाही.

रंगत आली ती 1923 च्या निवडणुकीनंतर. देशात फक्त याच प्रांतात स्वराज्य पक्षाला निर्विवाद बहुमत मिळाले. डॉ. बा. शि. मुंजे नेते. त्यांनी मंत्रिपदे घेतली नाहीत आणि दुसऱ्यांना सुखाने घेऊही दिली नाहीत. मार्च 1924 मध्ये अंदाजपत्रकाच्या मागण्या फेटाळल्या आणि मंत्र्यांचे वार्षिक वेतन कापून 2 रुपयांवर आणले. काही खाती मंत्र्यांकडे आणि बाकीची गव्हर्नरकडे ठेवणाऱ्या द्विदल राज्यपद्धतीचा असा फज्जा दुसऱ्या कुठल्या प्रांतात इतक्या मजेत उडाला नसेल. पण त्याच पक्षाचे, परिषदेचे अध्यक्ष असलेले अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी ऑक्टोबर 1925 मध्ये गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातले पद स्वीकारले आणि पक्ष दुभंगला. अडवायचे की आत शिरून काम करायचे, हा वाद या सभागृहाच्या हाडामासात मुरला तो तेव्हापासून. पुढे युद्ध आले तेव्हा नावे बदलली, वाद तोच होता.

1935 च्या कायद्याने 112 जागांची विधानसभा झाली. अध्यक्ष दुर्गचे घनश्यामसिंह गुप्त. काँग्रेसला स्पष्ट बहुमत होते, पण आधी काही महिने ई. राघवेंद्र राव यांचे हंगामी मंत्रिमंडळ होते आणि जुलै 1937 मध्ये डॉ. नारायण भास्कर खरे मुख्यमंत्री झाले. तेव्हा त्या पदाला पंतप्रधान म्हणत. मतदान करणारे थोडेच. शेतसारा, मालमत्ता, शिक्षण अशा अटींतून जो पार झाला त्यालाच मत. काटोलच्या बाजारात कापूस वेचून आणणाऱ्या बाईला युद्धाबद्दल काय वाटते हे या मतपेटीतून कळणार नव्हते.

खऱ्यांचे सरकार वर्षभर टिकले. मराठी आणि हिंदी गटांची कुरबुर विकोपाला गेली तेव्हा जुलै 1938 मध्ये त्यांनी राजीनामा दिला, गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी राजीनामा न देणाऱ्या शुक्ल, मिश्र आणि मेहता या मंत्र्यांना बडतर्फ केले आणि खऱ्यांनी नवे मंत्रिमंडळ उभे केले. वर्ध्याहून काँग्रेस श्रेष्ठींनी कान पिळताच तेही कोसळले. पक्षाच्या आमदारांची बैठक नागपुरात नव्हे, वर्ध्याला भरली आणि तिथे पंडित रविशंकर शुक्ल यांची निवड झाली. खऱ्यांनी नंतर आपली बाजू पुस्तकरूपाने मांडली. माणूस हट्टी होता, पण त्यांचा एक मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो: मुख्यमंत्री सभागृहाला जबाबदार की सभागृहाबाहेरच्या समितीला? वर्धा नागपूरपासून रेल्वेने दीड-दोन तासांवर आहे. विधानसभेची सत्ता त्या काळात बहुधा त्याच गाडीने ये-जा करत होती.

1939 चा ऑगस्ट उजाडला. युद्ध अजून सुरू नव्हते, पण हिंदी सैन्याच्या तुकड्या इजिप्त आणि सिंगापूरकडे निघाल्या होत्या. कायदेमंडळाला विचारल्याशिवाय फौज बाहेर धाडू नये, असे केंद्रीय कायदेमंडळाने आधीच बजावले होते. वर्ध्याला 9 ते 12 ऑगस्टला काँग्रेस कार्यकारिणी बसली. सुभाषचंद्र बोसांवरची शिस्तीची कारवाई त्याच बैठकीतली, म्हणून ती लक्षात राहते. पण दुसरा ठरावही तितकाच वजनदार होता. केंद्रीय कायदेमंडळातल्या काँग्रेस सभासदांनी पुढच्या अधिवेशनाला जायचे नाही, आणि प्रांतिक सरकारांनी युद्धाच्या तयारीला हातभार लावायचा नाही, त्यापायी राजीनामा द्यावा लागला तरी चालेल. जर्मनीत चाललेल्या जुलमाचा निषेध याच काँग्रेसने सातत्याने केला होता. पोलंडचे काय होणार हे कुणाला दिसत नव्हते असे नाही. इंग्लंडने पोलंडला दिलेले वचन इंग्लंडने पाळावे. आमच्या नावाने दिलेले वचन आम्हाला न विचारता कसे दिले, असा तो सवाल होता.

3 सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. कुठल्याही सभागृहाला विचारले नाही. त्याच दिवशी संरक्षणाचा वटहुकूम निघाला, महिनाअखेर त्याचा कायदा झाला. सभा, वर्तमानपत्रे, पत्रके, विनाचौकशी स्थानबद्धता, सगळे त्याच्या नियमांत बसले. लंडनच्या पार्लमेंटने 1935 च्या कायद्यात दुरुस्ती करून युद्धकाळात प्रांतांना हुकूम देण्याचा अधिकार केंद्राला दिला. म्हणजे नागपूरचे मंत्री खुर्चीवर राहिले असते, तरी आपल्याच माणसांना पकडण्याचे हुकूम त्यांनाच बजावावे लागले असते. राजीनाम्यामागे तत्त्व होते तसे हे व्यवहारी कारणही होते.

इथे काँग्रेसची एक दुखरी जागाही सांगायला हवी. सत्तेत असताना तिच्याच प्रांतिक सरकारांनी जमावबंदी वापरली होती. मद्रासमध्ये तर जुने दडपशाहीचे कायदे बाहेर काढले गेले. नागरी स्वातंत्र्यात हिंसेची चिथावणी बसत नाही, असा ठराव सप्टेंबर 1938 मध्ये दिल्लीला झाला तेव्हा समाजवादी मंडळी सभात्याग करून गेली. सत्तेवर बसले की स्वातंत्र्याची व्याख्या अंगचोर होते, हे एका वर्षात दिसून गेले.

17 ऑक्टोबर 1939 ला व्हाइसरॉयांचे निवेदन आले. त्यात स्वराज्याचे युद्धानंतर बघू, इतकेच होते. वर्ध्याला पुन्हा कार्यकारिणी बसली आणि मंत्रिमंडळांनी बाहेर पडावे असे ठरले. सर्व प्रांतांना ठरावाचा एकच मसुदा धाडण्यात आला. लोकांच्या संमतीविना हिंदुस्थानला युद्धात ओढले याबद्दल खेद, प्रांतांचे अधिकार कापल्याबद्दल नाराजी, आणि लोकशाहीसाठी युद्ध आहे म्हणता तर ती लोकशाही इथे लागू करा, ही मागणी. मसुदा बाहेरून आल्यामुळे चर्चेचा शेवट आधीच ठरलेला होता. या ठरावावर मनाला भिडणारे भाषण झाले ते मुंबईच्या विधानसभेत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. देशाच्या स्वातंत्र्यात अस्पृश्यांची जागा कोणती, हे आधी सांगा, असा त्यांचा रोख होता. नागपूरलाही हा प्रश्न परका नव्हता. अस्पृश्यांच्या चळवळीचे मोठे केंद्र इथेच होते. बहुमताच्या ठरावात मात्र त्याला जागा झाली नाही.

8 नोव्हेंबरला शुक्ल मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. 1935 च्या कायद्याच्या कलम 93 खाली गव्हर्नरचा अंमल सुरू झाला. विधानसभा बरखास्त झाली नाही, नुसती निजवून ठेवली. पुढची सहा वर्षे आमदार हे आमदारच होते. फक्त सभागृह नव्हते, आणि बऱ्याच जणांचा मुक्काम तुरुंगात होता.

मग वाद सभागृहाबाहेर गेला. 17 ऑक्टोबर 1940 ला विनोबांनी पवनारला युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. त्यात शत्रूला मदत नव्हती की दंगा नव्हता. युद्धाविरुद्ध बोलण्याचा हक्क एवढाच विषय, आणि त्यासाठी तीन महिने कैद. या चळवळीचे हे अंग आपण कमी सांगतो. ती स्वातंत्र्याची होती, त्याआधी भाषणस्वातंत्र्याची होती.

दुसऱ्या बाजूलाही याच प्रांतातली माणसे होती. 1941 मध्ये व्हाइसरॉयांचे कार्यकारी मंडळ वाढवले तेव्हा त्यात यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे गेले आणि नागरी संरक्षणाचे खाते राघवेंद्र रावांकडे आले. गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी फेब्रुवारी 1943 मध्ये अण्यांनी राजीनामा दिला आणि त्याच वर्षी मंडळात डॉ. खरे गेले. या विधानसभेचे पहिले दोन पंतप्रधान युद्धसरकारात आणि तिसरे तुरुंगात! यांना सरसकट गद्दार म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. तांब्यांनी 1925 मध्ये जे उत्तर दिले तेच यांनी दिले. अण्यांनी तर कुठे थांबायचे तेही दाखवले.

ऑगस्ट 1942 मध्ये ‘चले जाव’ चळवळीत चिमूर आणि आष्टी पेटले. पोलीस आणि अधिकारी मारले गेले, मागून फौज आली, आणि चिमूरच्या बायकांनी अत्याचाराच्या तक्रारी केल्या. बातमी छापायला बंदी. गांधीजींचे अनुयायी प्रा. भणसाळी यांनी चौकशीसाठी साठाहून अधिक दिवस उपोषण केले. तडजोडीत खऱ्यांनी मध्यस्थी केली. सभागृह चालू असते तर एखाद्या सभासदाने तारांकित प्रश्न टाकला असता. ते बंद होते, म्हणून एका माणसाला प्राण पणाला लावावे लागले.

राहिले न्यायालय. इंग्लंडच्या लॉर्ड्‌स सभेने 1941 मध्ये, लॉर्ड ॲटकिन यांचा अपवाद वगळता, स्थानबद्धाने मंत्र्याकडे कारणे मागू नयेत असे ठरवले होते. नागपूर उच्च न्यायालयाने तितकी मान तुकवली नाही. विमलाबाई देशपांडे यांच्या अर्जावरचा खटला सरकारने लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत नेला. 1946 मध्ये तिथे ठरले की संरक्षण कायद्याच्या नियम 129 खाली अटक करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने आपला संशय रास्त होता हे न्यायालयाला पटवून द्यायला हवे. इंग्लंडात कैद्याला जे मिळाले नाही ते नागपूरच्या एका बाईने मिळवले. फक्त निकाल आला तेव्हा युद्ध संपून गेले होते.

1946 मध्ये सभागृह पुन्हा भरले, शुक्ल परत आले आणि या विधानसभेने संविधान सभेवर आपले सभासद निवडून दिले. त्यांत काझी सय्यद करीमुद्दीन होते. घराची, कागदपत्रांची झडती मनमानी होऊ नये अशी दुरुस्ती त्यांनी डिसेंबर 1948 मध्ये आणली. डॉ. आंबेडकरांनी तयारी दाखवली, तरी अखेर ती संविधानात आली नाही. दुसरे हरी विष्णू कामत, आयसीएस सोडून सुभाषबाबूंकडे गेलेले. आणीबाणीत मूलभूत हक्कांसाठी न्यायालयाचे दार बंद करणाऱ्या कलमावर ऑगस्ट 1949 मध्ये ते तुटून पडले. युद्धकाळात सरकारला मोकळीक हवी, हा युक्तिवाद आता आपलीच माणसे करत होती. मतदानात कामत हरले.

तेच कलम 1962 मध्ये चीनच्या युद्धात वापरले गेले आणि 1975 मध्ये युद्ध नसताना. स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद ठेवणारा 1976 चा तो कुप्रसिद्ध निकाल ज्या जबलपूरच्या नावाने ओळखला जातो, ते शहर कधीकाळी नागपूरच्या याच सभागृहात प्रतिनिधी पाठवत असे. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने कलम 20 आणि 21 आणीबाणीच्या कक्षेबाहेर काढली, तेव्हा होशंगाबादहून निवडून आलेले कामत लोकसभेत होते.

नागपूर 1 नोव्हेंबर 1956 ला राजधानी उरले नाही. 1953 च्या नागपूर करारामुळे 1960 पासून महाराष्ट्र विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन तेवढे येते. काटोलचा आमदार आता मोवाडच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या काठांत फरक न राहिलेल्या राज्याचा प्रतिनिधी आहे. अधिवेशनात संत्र्याच्या गळतीचा, कापसाच्या भावाचा प्रश्न येतो, कधी वेळ मिळतो, कधी नाही. 18 डिसेंबर 2024 ला याच अधिवेशनात महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक पुन्हा मांडले गेले. बेकायदा संघटना कोणती हे ठरवण्याचा अधिकार सरकारला देणारे ते विधेयक संयुक्त समितीकडे गेले, आणि जुलै 2025 मध्ये मुंबईत मंजूर झाले.