क्रोमियम-उत्प्रेरकाची परीक्षा

आधारद्रव्यावर पसरलेल्या धातूच्या ऑक्साइडाची उत्प्रेरक म्हणून पारख करताना दोन प्रश्न उपस्थित होतात : तो काय करतो, आणि तो काय आहे? पहिल्याचे उत्तर चाचणीने मिळते, दुसऱ्याचे लक्षणांच्या अभ्यासाने. ही दोन्ही उत्तरे बरोबरीने लाभतातच असे नाही, हे क्रोमियम-उत्प्रेरकाच्या इतिहासावरून दिसून येते.

१९५१ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, बार्टल्सव्हिल येथील फिलिप्स पेट्रोलियम कंपनीत जे. पॉल होगन व रॉबर्ट बँक्स हे प्रोपिलीन वायूपासून पेट्रोलास उपयुक्त असे द्रव मिळविण्याच्या खटपटीत होते. सिलिका-ॲल्युमिनावरील निकेल ऑक्साइडात त्यांनी थोडे क्रोमियम ऑक्साइड मिसळले. उत्प्रेरकाने भरलेल्या नळीतून वायू सोडताच अपेक्षित द्रवाबरोबर एक पांढरा घन पदार्थही हाती आला. द्रव हे निकेलचे कार्य होते. मग घन पदार्थ कोणाचा? निकेल वगळून केवळ क्रोमियम ऑक्साइड वापरले, तरीही घन पदार्थ मिळाला. एक घटक गाळून पाहण्याच्या या साध्या रीतीने कर्ता निश्चित झाला. तो पदार्थ स्फटिकमय पॉलिप्रोपिलीन होता. पुढे एथिलीन वापरून त्यांनी उच्च घनतेचे पॉलिएथिलीन मिळविले.

दुसरा प्रश्न मात्र कठीण ठरला. सिलिकेवरील क्रोमियमचे प्रमाण वजनाने सुमारे १ टक्का असते. ब्रूनौअर, एमेट व टेलर यांच्या १९३८ च्या पद्धतीने, थंड नायट्रोजनाच्या अधिशोषणावरून, पृष्ठभागाचे क्षेत्रफळ मोजता येते. कोरड्या हवेत तापविल्यावर क्रोमियम षट्संयुजी अवस्थेत सिलिकेशी जखडले जाते. कार्बन मोनॉक्साइडाने क्षपण केल्यास ते द्विसंयुजी होते. रामन व जंबुपार वर्णपटांत या अवस्था ओळखता येतात. तथापि क्रोमियमचा थोडाच अंश क्रियाशील असतो, आणि वर्णपटात मात्र सर्व अणूंची बेरीज उमटते. बहुसंख्य निष्क्रिय अणूंचे वर्णन कर्त्या अणूंना लागू करण्याचा धोका येथेच आहे. क्रिया चालू असताना क्रोमियमची संयुजा कोणती, आणि पहिली शृंखला कशी सुरू होते, याविषयीचे मतभेद अद्याप मिटलेले नाहीत.

होगन व बँक्स यांचा पॉलिप्रोपिलीनसाठीचा अर्ज १९५३ चा. अग्रक्रमाच्या दीर्घ वादानंतर पेटंट मिळाले ते १९८३ साली. तेथे निर्णय व्हावयाचा होता तो उत्पन्न पदार्थाविषयी, आणि तो झाला. उत्पन्न करणाऱ्या अणूंविषयीचा निर्णय अजून व्हावयाचा आहे. तो होईपर्यंत, चाचणी यशस्वी झाली म्हणजे उत्प्रेरक समजला, असे मानता येणार नाही.