जुन्या रंध्याची पारख

जुने हत्यार हातात घेतले की दोन प्रश्न पडतात. ते किती जुने आहे, हा एक. आणि ते काम देईल का, हा दुसरा. अमेरिकेत यार्ड सेल आणि लिलाव धुंडाळणारे नवखे लोक बहुधा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतात, कारण त्यात गंमत जास्त. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. वय घरी येऊन सावकाश ठरवता येते. बिडाला तडा गेला आहे की नाही, हे मात्र पैसे मोजण्यापूर्वी, टेबलापाशी उभे राहूनच पाहावे लागते.

विवेचनासाठी एकच हत्यार घेतो: स्टॅन्ले कंपनीचा ‘बेली’ जातीचा बिडाचा रंधा. लेनर्ड बेली या कारागिराच्या पेटंटांचे हक्क कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटन गावच्या ‘स्टॅन्ले रूल अँड लेव्हल’ कंपनीने १८६९ मध्ये घेतले. त्याआधीच्या लाकडी रंध्यात पाते पाचरीने आवळायचे आणि हातोडीच्या ठोक्यांनी खालीवर करायचे. आपल्याकडच्या सुतारांचा जुना रंधाही असाच. बेलीच्या रचनेत पात्यामागची पितळी चक्री फिरवली की पाते केसभर पुढे किंवा मागे सरकते. ही रचना इतकी टिकली की आजही बहुतेक रंधे तिच्याच वळणाचे असतात. १ ते ८ असे या रंध्यांचे क्रमांक. ४ नंबरचा ९ इंची रंधा सफाईचा, ५ नंबरचा १४ इंची सर्व कामांचा, तर ७ आणि ८ अनुक्रमे २२ आणि २४ इंची, लांब फळ्यांच्या कडा सरळ करण्यासाठी. हे रंधे प्रचंड संख्येने बनले, म्हणूनच ते आजही गॅरेजांतून बाहेर पडत असतात.

आता दोष. दोषांचे दोन वर्ग पाडावेत: दुरुस्त होणारे आणि न होणारे. सगळी पारख या विभागणीवर उभी आहे.

न दुरुस्त होणाऱ्यांत पहिला दोष तड्याचा. हे रंधे करड्या बिडाचे. या बिडात ग्राफाइटच्या पापुद्र्यांचे जाळे असते. त्यामुळे ते यंत्रावर सहज कापले जाते, पण आघात सोसत नाही. सिमेंटच्या जमिनीवर एकदा पडले की तडा जातो, आणि तो बहुतेक वेळा तोंडाजवळ, कारण पाते बाहेर येण्यासाठी तळाला खाच पाडलेली असते आणि तिथे धातू सर्वांत कमी उरतो. म्हणून रंधा उलटा करून तोंडाच्या दोन्ही टोकांपासून बाजूच्या भिंतींवर चढणारी बारीक रेघ शोधावी. गंज आणि तेलाच्या थरात ती लपते. बोटाने पुसून, तिरप्या उजेडात पाहावी. भिंतीवर पिवळसर रेघ दिसली तर कुणीतरी पितळेने झाळून जोड दिला आहे असे समजावे. असा रंधा लाकूड नीट तासू शकतो, पण संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत जवळजवळ संपलेली असते. दुसरा दोष तोंड कानशीने रुंद केल्याचा. जाड छिलका निघावा म्हणून मागच्या मालकाने कधीतरी हे केलेले असते. घासून गेलेला धातू परत येत नाही, आणि सफाईच्या रंध्याला अरुंद तोंड लागतेच.

दुरुस्त होणारे दोष लांबून भयंकर दिसतात आणि प्रत्यक्षात किरकोळ असतात. मूठ मोडली असेल तर चिकटवता येते, नवी करता येते. तळ किंचित वाकडा असेल तर सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासता येतो. पाते झिजून आखूड झाले असेल तर नवे मिळते.

गंजाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण नवखा माणूस इथेच सर्वाधिक फसतो: चांगला माल गंजाला भिऊन सोडतो आणि वाईट माल चकचकीत आहे म्हणून घेतो. वरवरचा तांबूस गंज ही अडचणच नव्हे. पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून, बॅटरी चार्जरचे ऋण टोक हत्याराला आणि धन टोक एखाद्या टाकाऊ लोखंडी पत्र्याला जोडले की गंज सुटतो आणि शाबूत धातूला धक्का लागत नाही. धन टोकाला स्टेनलेस स्टील मात्र कधीही लावू नये. त्यातल्या क्रोमियमपासून पाण्यात विषारी संयुगे उतरतात. हायड्रोजन वायूही निघतो, म्हणून हे काम उघड्यावर करावे. खरी हानी खड्ड्यांची. गंजाने धातू खाऊन खड्डे पाडलेले असतील तर ते कोणत्याही द्रावणाने भरत नाहीत. तेही कुठे आहेत यावर सारे अवलंबून आहे. भिंतीवरचे खड्डे निरुपद्रवी. पात्याच्या सपाट पाठीवर धारेपाशी असलेले खड्डे घातक, कारण धार म्हणजे दोन पृष्ठांची भेट. त्यांतले एक खड्डेदार असेल तर धारेला खाच पडणारच. पात्याची पाठ नखाने चाचपली की हे एका क्षणात कळते.

यानंतर सुटे भाग. पात्यावरची लीव्हर कॅप, तिच्याखालचा चिपब्रेकर, तिरपी बैठक म्हणजे फ्रॉग, पितळी चक्री, सगळे जागेवर आहेत का ते पाहावे. स्क्रू गहाळ असेल तर कोपऱ्यावरच्या हार्डवेअर दुकानावर भरवसा ठेवू नये. स्टॅन्लेच्या स्क्रूंचे आटे वेगळेच: लीव्हर कॅपचा स्क्रू ९/३२ इंच जाडीचा, इंचाला २४ आटे. असा स्क्रू सर्वसाधारण दुकानात मिळत नाही. दुसरा मोडका रंधा शोधावा लागतो. म्हणूनच तडा गेलेला रंधाही दोन-तीन डॉलरना मिळाला तर मी घ्यावा म्हणतो. त्याच्या अंगावर एका चांगल्या रंध्याचे सगळे सुटे भाग असतात.

आता वयाकडे वळू. येथे पुरावा धातूतच कोरलेला किंवा ओतलेला असतो, पण तो वाचण्याला शिस्त लागते. पाते डावी-उजवीकडे कलते करणारी आडवी तरफ १८८५ च्या सुमारास आली. ती मुळातच नसेल तर रंधा त्याआधीचा. फ्रॉगमागच्या पाटावर १९०२ मधल्या दोन पेटंट तारखा ओतलेल्या असतील तर तो त्या वर्षानंतरचा. त्यांच्या जोडीला एप्रिल १९१० ची तिसरी तारीख दिसली तर १९१० नंतरचा. पुढची मूठ बुटकी असेल तर साधारण पहिल्या महायुद्धापर्यंतचा. उंच असेल तर पुढचा. पात्यावर हृदयाच्या आकारात एसडब्ल्यू ही अक्षरे असतील तर पाते साधारण १९२० ते १९३५ मधले. ते हृदय कंपनीचे अध्यक्ष विल्यम हार्ट यांच्या सन्मानार्थ होते. लीव्हर कॅपचे भोक मूत्रपिंडाच्या आकाराचे असेल तर ती १९३३ नंतरची.

या यादीतून निष्कर्ष काढताना दोन चुका नेहमी होतात. पेटंटची तारीख ही निर्मितीची तारीख समजली जाते. ती फक्त सर्वांत आधीची सीमा सांगते: वस्तू याच्या आधीची असू शकत नाही, एवढेच. १९१० ची तारीख १९१० नंतरही कित्येक वर्षे ओतली जात होती. दुसरी चूक अधिक सूक्ष्म. रंधा ही एक वस्तू नसून सुट्या भागांची जुळणी आहे, आणि प्रत्येक भागाला स्वतःचे वय आहे. शंभर वर्षांत पाती बदलली गेली, कॅप बदलल्या गेल्या. म्हणून एसडब्ल्यूचे पाते हे फक्त पात्याविषयी साक्ष देते, खालच्या बिडाविषयी नव्हे. बिडाच्या पाटाचा पुरावा सर्वांत भरवशाचा, कारण पाट बदलला तर रंधाच बदलला. शिवाय रंध्यांचे ‘टाइप’ ही वर्गवारी संग्राहकांनी मागाहून बांधली. कारखान्याने तशी आखलेली नव्हती. जुन्या भागांचा साठा संपेपर्यंत कामगार तेच भाग वापरत, त्यामुळे दोन टाइपांच्या मधले रंधे आढळतात आणि ते मुळीच संशयास्पद नसतात.

हीच रीत इतर हत्यारांना लागू पडते. फिलाडेल्फियाच्या डिस्टन कंपनीच्या करवतीला मुठीवर पितळी बिल्ला असतो आणि त्यावरच्या अक्षरांवरून काळ ठरतो. पण मूठ आणि पाते एकमेकांचे आहेत का, हे आधी पाहावे. आणि त्याच्याही आधी पाते हलके वाकवून सोडावे, सरळ परत येते का ते पाहावे.

बाजाराचे प्रकार समजून घेतल्याशिवाय ही पारख पैशांत उतरत नाही. यार्ड सेलमध्ये विकणारा बहुधा वारस असतो, वापरणारा नव्हे. गंजके लोखंड कुणी घेणार नाही या समजुतीने तो ते टेबलावर मांडतच नाही. म्हणून गॅरेजमध्ये आणखी काही आहे का, हे विचारणे हीच येथील मोठी युक्ती. न्यू जर्सीत किंवा बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी कुणाला सुतारकामाचा नाद असेल तर त्यांनी संकोच न करता हे विचारावे. विकणाऱ्याच्या या अज्ञानाला एक नैतिक बाजूही आहे. साडेपाच इंची १ नंबरचा अस्सल रंधा संग्राहकांत हजार डॉलरच्या घरात जातो. तो एखाद्या वृद्धेने पाच डॉलरना पुढे केला तर तिला खरी किंमत सांगावी, असे माझे ठाम मत आहे. चाळीस डॉलरचा रंधा दहाला घेण्यात घासाघिशीचा आनंद आहे. हजाराचा रंधा पाचला घेणे त्यात बसत नाही. एस्टेट सेल हा मधला प्रकार: व्यावसायिक लोक भाव लावतात आणि शेवटच्या दिवशी उतरवतात.

लिलावाची गणिते वेगळी. हातोडा पडतो तो भाव म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या उत्सुक माणसाची मर्यादा आणि वर एक पायरी. त्यामुळे त्या दालनात दुसरा जाणकार आहे की नाही, यावर तुमचा भाव ठरतो. केवळ हत्यारांच्या लिलावात तो असतोच. शेतघराच्या लिलावात, जिथे गर्दी ट्रॅक्टर आणि फर्निचरसाठी जमते, तिथे नसण्याचा संभव मोठा. तिथे ६०४ आकडा असलेला रंधा साध्या ४ नंबरच्या भावात जाऊ शकतो, जरी तो स्टॅन्लेने १८९८ मध्ये आणलेल्या, अधिक काटेकोर बैठकीच्या ‘बेड रॉक’ मालिकेतला असला तरी.

मर्यादा आधी कागदावर काढावी. समजा रंधा शाबूत असता तर तुमच्या लेखी ६० डॉलरचा, आणि स्क्रू गहाळ असल्याने १० डॉलरचा खर्च. उरले ५०. लिलावगृहाची खरेदीदारावरची आकारणी २० टक्के असेल तर ५० ला १.२ ने भागावे: बोली ४१ वर थांबली पाहिजे. विक्रीकर लागत असेल तर आणखी खाली. आणि हत्यारे खोक्यात एकगठ्ठा विकली जात असतील तर पाहणीच्या वेळी पाहिलेले खोके बोली सुरू होण्याच्या ऐन आधी पुन्हा उपसून पाहावे. चांगली वस्तू एका खोक्यातून काढून रद्दीच्या खोक्यात तळाशी दडवणारे लोक प्रत्येक लिलावात असतात.